कोणालाच उत्तरदायी नसलेले चलन

बिटकॉइन आणि त्याच्या मागोमाग आलेली क्रिप्टोचलने यांच्या बाजूने गेली पंधरा-सोळा वर्षे जो युक्तिवाद केला जात आहे, त्याचा गाभा थोडक्यात असा आहे की सरकारे हव्या तितक्या नोटा छापून जनतेच्या बचतीचे मोल घटवतात, बँका ठेवीदारांचे पैसे हव्या त्या दिवशी अडवून धरतात, आणि म्हणून ज्याचा एकूण पुरवठा संगणकीय नियमाने २ कोटी १० लाख नाण्यांवर कायमचा बांधलेला आहे व ज्याची खातेवही जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी राखली जाते, असे चलनच उद्याचे चलन ठरेल. त्यासाठी कोणा माणसावर किंवा संस्थेवर विश्वास ठेवावा लागत नाही, गणितावर ठेवला की पुरे. या मांडणीचा प्रतिवाद बहुधा ‘हा निव्वळ सट्टा आहे’ एवढ्यावर उरकला जातो. तो अपुरा आहे, कारण सट्टा सोन्यात, जमिनीत आणि कांद्यातही होतो आणि तेवढ्याने या वस्तू कुचकामी ठरत नाहीत. खरा आक्षेप निराळा आहे. या रचनेत विश्वासाची गरज जशीच्या तशी राहते, मात्र ज्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो त्याच्याकडे जाब मागण्याची सोय नाहीशी होते; आणि जेथे जेथे क्रिप्टोचलन खरोखर उपयोगी पडले आहे, तेथे तेथे ही सोय कोणीतरी मागल्या दाराने परत आणलेली आढळते.

समर्थकांच्या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. बिटकॉइनची रूपरेषा मांडणारा सातोशी नाकामोतो या टोपणनावाचा नऊ पानी निबंध ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे अमेरिकेतील बड्या वित्तसंस्था कोसळत असतानाच, प्रसिद्ध झाला हा योगायोग मानणे कठीण आहे. भारतात ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातील नोटांपैकी मूल्याने सुमारे ८६ टक्के नोटा एका घोषणेने रद्द झाल्या, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा दिली गेली. ज्याने हे अनुभवले, त्याला ‘आपले पैसे आपल्याच हाती’ ही घोषणा पोकळ वाटणार नाही.

चलन काढणाऱ्या सत्तेविषयीचा हा अविश्वास नवाही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमधून प्रसिद्ध झाला, आणि पुढे हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी जी भूमिका मांडली तीत रुपये पाडण्याबाबत टाकसाळी जनतेला जशा बंद होत्या तशाच त्या सरकारलाही पूर्णपणे बंद कराव्यात ही पहिली मागणी होती. पुरवठ्याला मर्यादा घालण्याचा हा आग्रह पाहून बिटकॉइनच्या समर्थकांना आंबेडकर आपल्या बाजूचे वाटण्याचा मोह होईल, पण हा आधार फार काळ टिकत नाही. आंबेडकरांची चिंता रुपयाची क्रयशक्ती, म्हणजे एका रुपयात किती वस्तू येतात ते प्रमाण, स्थिर राहावे ही होती, कारण ते प्रमाण डळमळले की सर्वांत आधी मजुरीवर जगणारा भरडला जातो. आणि त्यासाठी सुचवलेली मर्यादा कायद्याने घातलेली, म्हणजे जिचा भंग झाल्यास शासनाला जाब विचारता येईल अशी होती. बिटकॉइनमध्ये क्रयशक्तीच्या स्थैर्याची व्यवस्थाच नाही आणि जाब विचारायला समोर कोणी नाही.

‘गणितावर विश्वास’ या दाव्याची परीक्षा घ्यायची तर आधी रचना समजून घेतली पाहिजे. बिटकॉइनचे व्यवहार सरासरी दर दहा मिनिटांनी ‘ब्लॉक’ नावाच्या गठ्ठ्यात बांधले जातात आणि प्रत्येक गठ्ठा आधीच्या गठ्ठ्याशी अशा सांकेतिक दुव्याने जोडलेला असतो की मागची नोंद बदलल्यास पुढची सारी साखळी विसंगत ठरावी; यालाच ब्लॉकचेन म्हणतात. गठ्ठा बांधण्याचा मान मिळवण्यासाठी ‘मायनर’ म्हणवणारे संगणकधारक एक अवघड आकडेमोड चढाओढीने सोडवतात आणि जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात. हे बक्षीस सुरुवातीला ५० नाण्यांचे होते, दर २ लाख १० हजार गठ्ठ्यांनी ते निम्मे होते, आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. २ कोटी १० लाखांची कमाल मर्यादा या निम्मे होण्याच्या नियमातूनच निघते.

आता १५ ऑगस्ट २०१० चा प्रसंग पाहावा. त्या दिवशी ७४,६३८ व्या गठ्ठ्यात एक व्यवहार नोंदला गेला, ज्यातून सुमारे १८,४०० कोटी बिटकॉइन निर्माण झाले, कारण दोन प्रचंड आकड्यांची बेरीज संगणकाच्या मापाबाहेर गेली तर काय करावे याची तपासणी आज्ञावलीत लिहायचीच राहून गेली होती. आज्ञावलीच्या दृष्टीने व्यवहार वैध होता आणि संगणकांनी तो बिनतक्रार स्वीकारला. काही तासांत दुरुस्त आज्ञावली तयार झाली, ती वापरण्याचे आवाहन केले गेले, तो गठ्ठा वगळून नवी साखळी पुढे नेण्यात आली आणि १८,४०० कोटी नाणी इतिहासातून पुसली गेली. पुसणे योग्यच होते. प्रश्न एवढाच की त्या दिवशी २ कोटी १० लाखांच्या मर्यादेचे रक्षण कोणी केले? गणिताने तर ती मोडू दिली होती. ती वाचवली थोड्या जाणकारांच्या तातडीच्या निर्णयाने. मार्च २०१३ मध्ये आज्ञावलीच्या दोन आवृत्त्यांचे एकमेकींशी पटेनासे होऊन साखळीला दोन फाटे फुटले, तेव्हाही प्रमुख विकासकांनी मोठ्या मायनर गटांशी बोलून जुन्या आवृत्तीकडे परतण्याचे ठरवले आणि एक फाटा टाकून देण्यात आला. मध्यवर्ती बँकेच्या पतधोरण समितीची बैठक निदान जाहीर तारखेला होते आणि तिचे इतिवृत्त छापले जाते.

इथेरियम या दुसऱ्या क्रमांकाच्या साखळीने तर हा प्रश्न उघड्यावर सोडवला. २०१६ मध्ये तिच्यावर ‘द डाओ’ नावाचा सामाईक गुंतवणूक निधी उभा राहिला होता, ज्याचे सर्व नियम आज्ञावलीत होते आणि आज्ञावली हाच कायदा हे ज्याचे अभिमानाचे तत्त्व होते. १७ जून रोजी कोणीतरी त्या आज्ञावलीतील एका फटीतून सुमारे ३६ लाख इथर नाणी काढून घेतली. तत्त्व पाळायचे तर हे कृत्य कायदेशीर मानावे लागले असते, कारण आज्ञावलीने त्याला परवानगी दिली होती. २० जुलै रोजी बहुमताने साखळीचे नियमच बदलून ते पैसे परत आणले गेले, आणि ज्यांना हे मान्य नव्हते ते ‘इथेरियम क्लासिक’ नावाच्या वेगळ्या साखळीवर राहिले. म्हणजे न्यायनिवाडा झाला, फक्त तो कोणत्या अधिकाराने झाला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची, हे ठरलेले नव्हते.

पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या उदाहरणाकडे याच दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. त्या ठेवीदारांचे हाल झाले, पण ठेव विमा महामंडळाचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण त्यांना होते, जानेवारी २०२२ मध्ये ती बँक एका स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांना परतफेडीसाठी दहा वर्षांपर्यंत थांबावे लागेल अशी योजना झाली तेव्हा तिच्यावर रिझर्व्ह बँक, सरकार आणि न्यायालय यांच्यापुढे आक्षेप घेण्याची वाट तरी मोकळी होती. टोकियोतील माउंट गॉक्स हे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचे एकेकाळचे सर्वांत मोठे केंद्र, म्हणजे एक्स्चेंज, फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे साडेआठ लाख नाणी गहाळ झाल्याचे सांगून बुडाले. तेथील ग्राहकांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू होण्यास जुलै २०२४ उजाडला, आणि तीही जपानच्या न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तामार्फत झाली. राज्यसंस्थेपासून मुक्तीचे साधन बुडाले की त्याचे अवशेष गोळा करायला राज्यसंस्थाच लागते.

दुर्मिळता म्हणजे मूल्य, हा समर्थकांचा दुसरा खांब. चलनाचा पुरवठा न बदलणारा असला म्हणजे त्याचे मोल स्थिर राहील, या समजुतीत चलनाची मागणी बदलत असते हे विसरले जाते. भारतासारख्या शेतीप्रधान अर्थव्यवस्थेत सुगीनंतर कापूस, ऊस आणि धान्य यांच्या खरेदीसाठी रोख पैशाची व पतपुरवठ्याची गरज वाढते व पावसाळ्यात ती ओसरते. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण कित्येक दशके याच तेजी-मंदीच्या हंगामांनुसार आखले जात असे. पुरवठा ताठर ठेवला तर मागणीतील प्रत्येक चढउतार किमतीवरच आदळतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या घरात गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्या आसपास आला, आणि पुढे तो अनेक पटींनी वरही गेला. वर जाण्याचे उदाहरण समर्थक मोठ्या अभिमानाने देतात, पण ज्याचे मोल इतक्या वेगाने वाढते ते चलन कोणी खर्च करणार नाही आणि त्यात कर्जही कोणी काढणार नाही, कारण घेतलेल्या कर्जाची परतफेड तिप्पट मोलाने करावी लागेल. ज्यात मजुरी ठरत नाही, भाडेपट्टा होत नाही आणि कर भरला जात नाही, त्या वस्तूला मालमत्ता म्हणता येईल. चलन म्हणणे अवघड आहे.

हा निष्कर्ष कागदावरचा आहे असे म्हणणाऱ्यांसाठी मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या लहान देशाचा अनुभव महत्त्वाचा आहे, कारण क्रिप्टोचलनाला इतकी अनुकूल भूमी दुसरीकडे क्वचितच मिळेल. या देशाने २००१ मध्येच स्वतःचे चलन सोडून अमेरिकी डॉलर स्वीकारला होता. बहुसंख्य लोकांची बँक खाती नव्हती. आणि परदेशातील, मुख्यतः अमेरिकेतील, साल्वाडोरी कामगार घरी पाठवत असलेली रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश होती. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या पुढाकाराने जून २०२१ मध्ये संमत झालेला कायदा ७ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला आणि बिटकॉइन तेथे विधिग्राह्य चलन, म्हणजे देणे फेडण्यासाठी कायद्याने मान्य असलेले चलन, बनला. कायद्याच्या सातव्या कलमाने तो स्वीकारणे प्रत्येक व्यापाऱ्यावर बंधनकारक केले, ही गोष्ट स्वातंत्र्याच्या चलनाला साजेशी होती की नाही हे वाचकांनीच ठरवावे. ‘चिवो’ नावाचे सरकारी वॉलेट काढण्यात आले आणि ते फोनवर घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलरचे बिटकॉइन बक्षीस देण्यात आले.

पुढे जे झाले ते फर्नांडो अल्वारेस, डेव्हिड अर्जेन्ते आणि डायना व्हॅन पॅटन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे १,८०० घरांची प्रत्यक्ष पाहणी करून नोंदवले आहे. वॉलेट घेणाऱ्यांचा ओढा मुख्यतः ३० डॉलरकडे होता, आणि ते खर्च झाल्यावर बहुसंख्यांनी ते पुन्हा वापरले नाही. ज्यांनी वापरले ते प्रामुख्याने तरुण, शिकलेले, आधीच बँक खाते असलेले पुरुष होते. म्हणजे ज्या बँकविहीन गरिबांच्या नावाने हे सारे चालले होते ते बाजूलाच राहिले. परदेशातून येणाऱ्या रकमांपैकी क्रिप्टो वॉलेटमधून येणारा हिस्सा पुढच्या वर्षांत दोन टक्क्यांच्या आतच राहिला. कोंचाग्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी बिटकॉइन नगर उभारण्याची व त्यासाठी एक अब्ज डॉलरचे रोखे काढण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. ते रोखे निघालेच नाहीत. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचे कर्ज मिळवताना जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला गेला आणि बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती गेली. नाणेनिधीने हात पिरगाळला हे समर्थकांचे उत्तर अर्धेच खरे आहे. लोकांनी ते चलन तीन वर्षे आधीच नाकारले होते.

परदेशातून घरी येणाऱ्या पैशांचा मुद्दा महाराष्ट्रालाही लागू पडतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार भारतात येणाऱ्या अशा रकमांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे एक पंचमांश, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. रक्कम पाठवण्याचा खर्च अजून जास्त आहे हे खरे, आणि येथे समर्थक आता बिटकॉइनऐवजी स्टेबलकॉइन पुढे करतात. स्टेबलकॉइन म्हणजे ज्याची किंमत डॉलरसारख्या सरकारी चलनाशी बांधलेली असते आणि ज्याच्या प्रत्येक नाण्यामागे काढणारी कंपनी तेवढ्या मोलाच्या ठेवी किंवा सरकारी रोखे राखून ठेवते ते क्रिप्टोचलन. उपयुक्ततेच्या दृष्टीने क्रिप्टोजगातील हीच सर्वांत भरीव गोष्ट आहे, पण मूळ सिद्धांताची याहून मोठी शरणागती दुसरी नसेल. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कल या कंपनीच्या ‘यूएसडीसी’ या स्टेबलकॉइनमागील ३३० कोटी डॉलर तेथे अडकल्याचे उघड झाले आणि एका डॉलरचे ते नाणे ८७-८८ सेंटपर्यंत घसरले. अमेरिकी सरकारने सर्व ठेवींची हमी दिली तेव्हाच ते पूर्ववत झाले. हमी न मागणाऱ्या तंत्रज्ञानाला अखेर सरकारी हमीनेच तारले, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत स्टेबलकॉइनसाठी राखीव निधीचे नियम घालणारा कायदाही झाला. याउलट मे २०२२ मध्ये राखीव निधीऐवजी मुख्यतः आज्ञावलीच्या जोरावर डॉलरशी बरोबरी राखू पाहणारे ‘टेरा’ काही दिवसांत धुळीला मिळाले.

‘अजून सुरुवात आहे, इंटरनेटही आधी असेच होते’ हा बचाव दरवर्षी नव्याने केला जातो. बिटकॉइनची मूळ साखळी सेकंदाला साधारण सात व्यवहार पेलते, म्हणजे महिन्याला दोन कोटींहून कमी. भारतातील यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. हा फरक संगणक वेगवान झाल्याने भरून येणारा नाही, कारण प्रत्येक व्यवहाराची नोंद हजारो ठिकाणी ठेवण्याचा आणि गठ्ठा लहान ठेवण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे. साखळीबाहेर व्यवहार करून हिशेब मात्र साखळीवर मिटवणारी ‘लाइटनिंग’सारखी व्यवस्था वेग वाढवते, पण तिच्यात बहुतेक वापरकर्ते सोयीसाठी कोणा तरी सेवादाराच्याच भरवशावर राहतात. रोजच्या रोकडीची जागा घेता येत नाही हे दिसू लागल्यावर दावा बदलला आणि बिटकॉइन हे ‘डिजिटल सोने’ झाले; गाजराची पुंगी, वाजली तर चलन, नाहीतर मोडून खायला गुंतवणूक आहेच. जानेवारी २०२४ पासून अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या निधींमार्फत ते विकत घेता येते. नऊ पानी निबंधात मध्यस्थाविना थेट एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोकडीची कल्पना होती. आता निधी कंपनी, अभिरक्षक, दलाल आणि बाजार नियंत्रक असे चार मध्यस्थ पार करून ते गुंतवणूकदारापर्यंत पोचते.

क्रिप्टोचलन शून्यावर जाईल आणि त्यावर बंदी घालावी, असे म्हणणाऱ्यांची बाजूही यातून सिद्ध होत नाही. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी घातली तेव्हा ती यंत्रे अमेरिका आणि कझाकस्तानकडे वळली आणि साखळी चालूच राहिली. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले, पण ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण व्यवहारांवर बंदी नसताना त्यांचा बँकिंगचा मार्ग तोडण्याची कारवाई हानीच्या प्रमाणात नाही असे न्यायालयाला वाटले. जेथे गेल्या काही वर्षांत स्थानिक चलन वर्षभरात निम्म्याने घसरले किंवा सरकारने परकीय चलनावर पहारा बसवला, त्या अर्जेंटिना किंवा नायजेरियासारख्या देशांत डॉलरशी बांधलेले नाणे फोनमध्ये ठेवता येणे ही चैन नाही. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये आकडेमोडीची चढाओढ सोडून देऊन विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला, तेव्हा या क्षेत्रात स्वतःला सुधारण्याची क्षमता आहे हेही दिसले. वेगवेगळ्या संस्थांनी एकच खातेवही वापरून रोखे आणि पैसे यांची अदलाबदल त्याच क्षणी पुरी करणे, हा या तंत्राचा सर्वांत आश्वासक उपयोग आहे. तो कंटाळवाणा आहे, त्यावर कोणी श्रीमंत होणार नाही, आणि तो चालवणाऱ्या संस्था नोंदणीकृत व उत्तरदायी असतील.

समर्थकांचा एकच मुद्दा असा उरतो ज्याला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही, आणि तो खासगीपणाचा आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर येथे सामान्य ग्राहकांसाठी ई-रुपयाची, म्हणजे आपल्या डिजिटल चलनाची, चाचणी सुरू केली. रोख नोट हातोहात जाते आणि मागे नाव ठेवत नाही. मध्यवर्ती बँकेचे डिजिटल चलन मात्र तत्त्वतः प्रत्येक खरेदीची नोंद ठेवू शकते, आणि लहान व्यवहारांत ते नोटेइतके निनावी राहील याची कायदेशीर हमी कशी असावी हा प्रश्न क्रिप्टोचलनाच्या भाबडेपणाकडे बोट दाखवून टाळता येणार नाही.

भारतीय कायद्याने आतापर्यंत या क्षेत्राकडे पाहिले ते मुख्यतः करवसुलीच्या दृष्टीने. क्रिप्टो मालमत्तेवरील नफ्यावर ३० टक्के कर, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा न करण्याची अट, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का कपात आणि मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या तरतुदी, एवढे झाले. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत आलेले स्वतंत्र विधेयक मात्र मांडलेच गेले नाही. त्या पोकळीची किंमत जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली तेव्हा दिसली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचे पुढे जाहीर केले, तोटा सर्व ग्राहकांवर वाटण्याची योजना पुढे आली आणि भारतीय ग्राहकांच्या पैशांचा फैसला सिंगापूरच्या न्यायालयातील पुनर्रचना योजनेवर अवलंबून राहिला. ज्यांची नाणी चोरीला गेलेल्या प्रकारांतली नव्हती, त्यांचीही खाती गोठली. अशाच एका गुंतवणूकदाराच्या अर्जावर ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टोचलन ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे नमूद करून त्या गुंतवणूकदाराला अंतरिम संरक्षण दिले. एक्स्चेंजकडे ठेवलेले नाणे ग्राहकाचे की एक्स्चेंजच्या ताळेबंदातले, हा प्रश्न संसदेने सोडवायचा होता. तूर्त तो एकेका ग्राहकाने स्वतःच्या वकिलामार्फत सोडवून घ्यायचा आहे.